रक्तातलं सेरोटोनिन कमी आलं, तर ते वाढवायच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्त्री, वय ४३, बँकेत नोकरी. वर्षभरापासून शाखेत माणसं कमी आणि टार्गेट वाढलेलं. रात्री तीनच्या सुमारास जाग येते, मग पुन्हा डोळा लागत नाही. वर्षात वजन सात-आठ किलोंनी वाढलंय, पोट रोज फुगल्यासारखं वाटतं. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये सेरोटोनिनची, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनाची तपासणी होती, ते नॉर्मलपेक्षा कमी आलं. आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी सेरोटोनिन वाढवायला ५-एचटीपीच्या कॅप्सूल आणि रोज दोन केळी सांगितली आहेत. पाठ धरली की तुम्ही ट्रामाडॉल हे वेदनाशामक असलेली गोळी घेता. शिवाय तुमच्या ७१ वर्षांच्या आईला एस्सिटालोप्राम ही उदासीनतेवरची गोळी चालू आहे, आणि 'सेरोटोनिन कमी म्हणून उदासीनता येते, ही थिअरी खोटी ठरली' हे वाचल्यापासून ती बंद करावी का, असं तुमच्या मनात आहे.

तातडीचं आधी सांगतो. त्या कॅप्सूल सुरू करू नका, ट्रामाडॉल चालू असताना तर अजिबात नको. आणि आईची गोळी परस्पर थांबवू नका. आता कारणं. मी बरीच वर्षं मनोविकारांची ओपीडी बघतो आणि हल्ली असे रिपोर्ट घेऊन येणारी माणसं वाढली आहेत, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

तुमच्या रिपोर्टवर 'सेरोटोनिन, सीरम' असं लिहून पुढे नॅनोग्रॅममध्ये एक आकडा दिलेला असेल. तो आकडा कुठून येतो ते बघू. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. आतड्याच्या अस्तरात एंटेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी असतात, त्या ते बनवतात. त्यातलं जे रक्तात उतरतं ते प्लेटलेट्स शोषून घेतात आणि साठवून ठेवतात. रक्तद्रवात मोकळं असं जवळजवळ काही राहत नाही. तुमच्या हातातून काढलेलं रक्त नळीत गोठलं, तेव्हा प्लेटलेट्सनी तो साठा सोडला आणि मशिननं तो मोजला. म्हणजे रक्त किती वेळ गोठू दिलं, नळी लॅबपर्यंत कशी आणि किती वेळात पोचली, तुमच्या प्लेटलेट्स किती होत्या, या सगळ्यावर तो आकडा हलतो. एस्सिटालोप्रामसारखी गोळी चालू असेल तर प्लेटलेट्सना सेरोटोनिन आत घेताच येत नाही, मग हाच आकडा फार खाली येतो. माणूस मात्र त्याच गोळीवर सुधारत असतो. तुमच्या आईचं रक्त त्याच लॅबला दिलं असतं तर तिचा आकडा बहुधा तुमच्याहून कमी आला असता.

या आकड्यावरून मेंदूत काय चाललंय ते कळत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर असतो, तो सेरोटोनिनला ओलांडता येत नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदू स्वतःच बनवतो, आणि ते शरीरातल्या एकूण साठ्याच्या जेमतेम एक-दोन टक्के असतं. २००३ साली तर हेही कळलं की दोन्हीकडे ते बनवणारं एन्झाइमसुद्धा वेगळं आहे. आतड्यात टीपीएच-१ आणि मेंदूत टीपीएच-२. कच्चा माल एक, जेवणातून येणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, पण कारखाने दोन, आणि एकाचा माल दुसऱ्याच्या गोदामात जात नाही.

सेरोटोनिन सापडलंसुद्धा याच क्रमानं. १९३०च्या दशकात इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते आतड्याच्या अस्तरात सापडलं. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज उच्च रक्तदाबावर काम करत होते. गोठलेल्या रक्तातलं काहीतरी रक्तवाहिन्या आवळून टाकतं आणि त्यामुळे आपले प्रयोग बिघडतात, म्हणून त्यांनी ते 'काहीतरी' वेगळं काढलं. ते आणि एर्स्पामेर यांचं द्रव्य एकच आहे हे १९५२ मध्ये स्पष्ट झालं. मेंदूत ते असतं हे बेटी ट्वारोग यांनी पेज यांच्यासोबत १९५३ साली दाखवलं. आतडं, रक्त आणि सगळ्यात शेवटी मेंदू. 'आनंदाचं हार्मोन' हे बिरूद त्याला फार नंतर चिकटलं, आणि त्यानं रुग्णांचं नुकसानच केलं असं माझं मत आहे. कारण त्यातून अशी समजूत झाली की आनंद म्हणजे एक टाकी, ती रिकामी होते, मग भरायची.

या समजुतीला सर्वांत स्पष्ट उत्तर देतात ते कार्सिनॉइड नावाच्या आजाराचे रुग्ण. आजार दुर्मीळ आहे. आतड्यातल्या त्याच पेशींची गाठ होते, ती लिव्हरमध्ये पसरते आणि बेसुमार सेरोटोनिन रक्तात ओतत राहते. या माणसांना आनंद होत नाही. चेहरा एकाएकी लालबुंद होतो, दिवसात कितीतरी वेळा जुलाब होतात, छातीतून घरघर येते, आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होऊन आखडतात. काहींना तर पेलाग्रा हा कमतरतेचा आजार होतो, कारण जे ट्रिप्टोफॅन वापरून शरीर 'बी' गटातलं नायसिन हे जीवनसत्त्व बनवतं, ते सगळं गाठच खाऊन टाकते. सेरोटोनिन मोजण्याचा खरा उपयोग या आजारात आहे. तिथेही डॉक्टर बहुतेक वेळा चोवीस तासांची लघवी जमा करून त्यातलं ५-एचआयएए, म्हणजे सेरोटोनिन मोडून बनणारं द्रव्य बघतात, आणि त्याआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवायला सांगतात. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरंच आहे. पण ते पोटातून मेंदूत जात नाही. केळं जरूर खा, ते चांगलं फळ आहे. औषध म्हणून मोजून दोन खायचं कारण नाही.

आता ताण. 'ताणानं सेरोटोनिन संपतं' हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. प्रत्यक्षात मेंदूच्या खोडात रॅफे नावाची छोटी केंद्रं असतात, तिथल्या काही लाख पेशी संपूर्ण मेंदूला सेरोटोनिन पुरवतात. मेंदूत एकूण पेशी ८६ अब्जांच्या आसपास, त्यात या काही लाख. ताण आला की या पेशी गप्प बसत नाहीत. त्या आणखी काम करतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला संदेश जातो, तिथून पिट्युटरी ग्रंथीला, तिथून अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. ही साखळी चालू करण्यात सेरोटोनिनचा हात असतो. उदासीनतेची गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काही जणांना उलट जास्त अस्वस्थ वाटतं, छातीत धडधडतं, झोप उडते. आम्ही ते आधीच सांगून ठेवतो आणि डोस अर्ध्यानं सुरू करतो. सेरोटोनिन वाढणं म्हणजेच शांत वाटणं असतं, तर पहिल्याच दिवशी बरं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात दोन ते सहा आठवडे जावे लागतात, तेवढ्या काळात मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे निरोप झेलणारे भाग, आणि जोडण्या हळूहळू बदलतात.

या बाबतीत मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन मायर यांचं अमेरिकेतलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. दोन उंदरांना एकसारखेच शॉक मिळतात. एकाच्या समोर एक चाक आहे, ते फिरवलं की दोघांचेही शॉक थांबतात. दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. शॉक दोघांना तेवढेच, तितकाच वेळ. पण ज्याच्या हातात काही नव्हतं, त्याच्या रॅफेतल्या सेरोटोनिनच्या पेशी जोरात पेटतात, आणि पुढचे काही दिवस तो भित्रा, हरलेला असा वागतो. सुटायची वाट मोकळी असली तरी सुटत नाही. त्या पेशी आधीच शांत केल्या तर ही हार दिसत नाही. आणि ज्याला चाक फिरवता येतं, त्याच्या मेंदूचा पुढचा भाग 'हे माझ्या हातात आहे' हे ओळखून रॅफेला लगाम घालतो. म्हणजे असहाय ताणात सेरोटोनिन काही भागांत जास्त सुटत असतं. उंदरावरचं जसंच्या तसं माणसावर लावता येत नाही, हे मान्य. पण तुमचं वर्षभराचं वर्णन वाचताना मला टार्गेटच्या आकड्यापेक्षा 'माणसं कमी आहेत आणि मी काहीच करू शकत नाही' हे वाक्य जास्त लागलं. रजा, बदलीचा अर्ज, कामाची वाटणी लेखी मागणं, एखादी गोष्ट ठामपणे नाकारणं, यातलं जे शक्य असेल ते करा. मी हे सांत्वन म्हणून सुचवत नाही, याला मी उपचाराचाच भाग मानतो.

लांबलेल्या ताणात आणखी एक गोष्ट होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जेवणातून आलेल्या ट्रिप्टोफॅनपैकी अगदी थोडा वाटा सेरोटोनिनकडे जातो. बहुतेक सगळं काय्न्युरेनिन नावाच्या दुसऱ्याच वाटेनं मोडलं जातं. कॉर्टिसॉल वाढलं की लिव्हरमधलं एन्झाइम ही वाट आणखी रुंद करतं. शरीरात सूज, दाह असेल तर दुसरं एन्झाइम तेच करतं. पूर्वी हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागत. त्यातल्या बऱ्याच रुग्णांना, आधी कधी मनाचा त्रास नसतानाही, गंभीर उदासीनता यायची. दाहाचं रसायन बाहेरून टोचलं आणि मन खचलं, इतका तो थेट संबंध होता. काय्न्युरेनिन मेंदूत शिरतं आणि त्यातून चेतापेशींना त्रास देणारी द्रव्यं बनू शकतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की व्यायामानं कसलेला स्नायू या काय्न्युरेनिनचं अशा रूपात रूपांतर करतो, जे मेंदूत शिरू शकत नाही. मुख्य प्रयोग उंदरांवरचा होता. तरीही माझ्या रुग्णांना चालायला सांगताना मला हा सगळ्यात पटणारा आधार वाटतो. व्यायामानं 'सेरोटोनिन वाढतं' एवढंच सांगून सोडण्यापेक्षा मांडीचा स्नायू रक्त स्वच्छ करतोय हे सांगितलं की माणसं उठून चालायला लागतात.

वजनाचं गणित यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण इथे दोन कारखाने अक्षरशः उलट दिशेनं काम करतात. मेंदूतलं सेरोटोनिन भूक आवरतं. हायपोथॅलॅमसमधल्या एका ठरावीक रिसेप्टरवर ते बसलं की पोट भरल्याची जाणीव होते. हेच धरून फेनफ्लुरामिन नावाची वजनाची गोळी अमेरिकेत लाखो लोकांनी घेतली, बहुधा फेन्टरमिनच्या जोडीनं. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती गोळी वजनासाठी बाजारातून काढली गेली. झडपा बिघडल्या त्या कार्सिनॉइडसारख्याच, कारण झडपांवरही सेरोटोनिनचा एक रिसेप्टर असतो, आणि तो सतत चेतवला तर तिथल्या पेशी वाढत जातात. नंतर फक्त भुकेच्या रिसेप्टरवर काम करणारं लोर्कासेरिन आलं. तेही कॅन्सरच्या शंकेवरून २०२० मध्ये मागे घ्यावं लागलं.

आतड्याकडचं सेरोटोनिन दुसरंच काम करतं. उपाशी असताना ते चरबीच्या पेशींना चरबी सोडायला लावतं आणि लिव्हरला साखर तयार करायला लावतं. उपासमारीत जीव तगवायची ही सोय आहे. पण भरल्या ताटावर तीच सोय अंगाशी येते. २०१५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आणि कोरियातून अशी दोन कामं आली, ज्यांत उंदरांचं आतड्याकडचं सेरोटोनिन बनणं बंद केलं तर तेलकट खाऊनही ते तेवढे लठ्ठ झाले नाहीत, त्यांची तपकिरी चरबी, म्हणजे ऊर्जा जाळून उष्णता बनवणारी चरबी, जास्त ऊर्जा जाळू लागली. म्हणजे बाहेरून गोळीनं शरीरभर सेरोटोनिन वाढवून वजन उतरेल ही आशा दोन्ही बाजूंनी फसते. गरोदरपणातली गोष्ट मात्र मला नेहमी थक्क करते. त्या काळात स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी स्वतःच सेरोटोनिन बनवायला लागतात आणि त्याच्या जोरावर संख्येनं वाढतात, म्हणजे आईची वाढलेली इन्सुलिनची गरज भागते. हे उंदरांमध्ये २०१० साली दिसलं. इतकं एकाच द्रव्याचं काम जागेनुसार बदलतं.

आपल्याकडचं एक औषध इथे सांगितलंच पाहिजे. मूल जेवत नाही म्हणून, किंवा बारीक मुलगी 'भरावी' म्हणून सायप्रोहेप्टाडिनचं सिरप घराघरांत दिलं जातं. ते अ‍ॅलर्जीचं औषध आहे आणि सेरोटोनिनचे रिसेप्टर अडवतं, म्हणून भूक वाढते. तुमच्या वजनवाढीच्या काळात असं काही टॉनिक, झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी कुणी दिलेली गोळी, त्वचेवरच्या मलमात किंवा दम्यासाठी स्टिरॉइड, असं काही सुरू झालं होतं का ते आठवून बघा. वर्षात सात-आठ किलो वाढण्यामागे अशी कारणं मला सेरोटोनिनपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतात.

आता त्या कॅप्सूलबद्दल. ५-एचटीपी म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधली पायरी. शरीर सेरोटोनिन किती बनवायचं हे जिथे ठरवतं, ती पायरी ओलांडूनच हे आत येतं. त्यामुळे लगाम राहत नाही. त्याचं सेरोटोनिन करणारं एन्झाइम आतड्यात, लिव्हरमध्ये, मूत्रपिंडात सगळीकडे असतं. म्हणून त्यातला मोठा भाग मेंदूच्या बाहेरच सेरोटोनिन होऊन बसतो. मळमळ, जुलाब हे त्याचे नेहमीचे त्रास त्यातूनच. तुमचं पोट आधीच तक्रार करतंय.

पण माझी खरी भीती ट्रामाडॉलची आहे. ट्रामाडॉल नुसतं वेदनाशामक नाही, ते सेरोटोनिनही वाढवतं. त्याच्या जोडीला ५-एचटीपी, किंवा उदासीनतेची गोळी, किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, किंवा टीबीत वापरतात ते लिनेझोलिड आलं, की सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. असा रुग्ण कसा दिसतो ते सांगतो, कारण तो ओळखला जात नाही. दोन-तीन दिवस खोकला होता, घरातली जुनी बाटली घेतली, पाठीची गोळी चालूच होती. संध्याकाळी हात थरथरायला लागतात, अंग घामानं निथळतं, पोट सुटतं, माणूस एका जागी बसत नाही, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं तापाचा झटका. आम्ही त्याला झोपवून गुडघा थोडा वाकवतो, पाऊल तळव्याकडून धरून एकदम वर ढकलतो आणि तसंच धरून ठेवतो. नेहमीचं पाऊल वर जाऊन थांबतं. याचं पाऊल हातातल्या हातात टकटक टकटक ठेके देत राहतं, आपण सोडेपर्यंत. याला क्लोनस म्हणतात. डोळ्यांची बुबुळंही मोठी झालेली असतात आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा गोंगाट ऐकू येतो. औषधं वेळीच बंद केली, सलाइन आणि शांत करणारी औषधं दिली तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत सुधारतात. उशीर झाला, ताप ४१ अंशांकडे गेला तर जीव जाऊ शकतो. आणि इथे उतारा म्हणून जे देतात ते वर सांगितलेलं सायप्रोहेप्टाडिनच.

जेवणाबद्दल काळजी करू नका असं मी म्हणतो, ते आकड्यांवर. मोठ्या माणसाला रोज किलोमागे सुमारे चार मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागतं, म्हणजे साठ किलो वजनाला साधारण २४० मिलिग्रॅम. दोन वेळचं वरण किंवा उसळ, दूध-दही, मूठभर शेंगदाणे, कधी अंडं, एवढ्यात ते सहज भागतं. ट्रिप्टोफॅन खरोखर कमी पडल्याचं उदाहरण आपल्या दख्खनमधलंच आहे. तेलंगण आणि आसपासच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब भागांत पेलाग्रा दिसायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, जुलाब व्हायचे आणि माणसं अतिशय खिन्न असायची, झोप उडालेली असायची. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं की ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल फार आहे आणि ते ट्रिप्टोफॅन-नायसिनच्या कामात आडवं येतं. ल्यूसिनचा वाटा नेमका किती यावर पुढे वाद झाले. पण जिथे जेवण म्हणजे फक्त भाकरी आणि ठेचा होता, तिथेच तो आजार होता, यावर वाद नाही. भाकरीबरोबर डाळ, भाजी, ताक असेल तर ज्वारीला घाबरायचं कारण नाही. मी स्वतः रोज खातो.

गोड खाल्ल्यावर थोडा वेळ बरं वाटतं याचंही एक कारण लोक सेरोटोनिनमध्ये शोधतात. ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरताना इतर मोठ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. पिष्टमय खाल्लं की इन्सुलिन सुटतं, ती बाकीची आम्लं स्नायूंमध्ये ओढली जातात आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७०च्या सुमारास उंदरांमध्ये हे दाखवलं. मात्र जेवणात थोडंसं प्रोटीन असलं तरी हा परिणाम पुसला जातो. बिस्किटं आणि चहावर संध्याकाळ काढण्याला यातून आधार मिळत नाही, वजन मात्र वाढतं. प्रकाशाचा संबंध मला त्याहून भरवशाचा वाटतो. मेलबर्नमध्ये १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या शिरेतून, म्हणजे मेंदूतून परतणाऱ्या रक्तातून नमुने घेतले, तेव्हा मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी आणि त्या दिवशीच्या स्वच्छ उन्हाच्या तासांबरोबर वाढणारी दिसली. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. तुम्ही सकाळी घरातून गाडीत, गाडीतून ट्यूबलाइटखाली आणि अंधारात परत, असा दिवस काढत असाल तर सकाळचं चालणं उघड्यावर ठेवा.

आता आईची गोळी. 'सेरोटोनिन कमी म्हणून उदासीनता' हा विचार कसा आला यात मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबावर वापरून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण खूप उदास होत. पुढे कळलं की रेसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं रिकामी करतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीसाठी इप्रोनियाझिड दिलेले रुग्ण कमालीचे उत्साही दिसले, आणि ते औषध ही द्रव्यं मोडू देत नव्हतं. दोन्ही धागे जुळवून सिद्धान्त उभा राहिला. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला परवानगी मिळाली आणि मग जाहिरातींनी त्या सिद्धान्ताचं घोषवाक्य करून टाकलं.

जुलै २०२२ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास एकत्र करून लिहिलं की उदासीनता सेरोटोनिनच्या कमतरतेनं होते याला सातत्यानं आधार सापडत नाही. तुम्ही वाचलंत ते यावरून. माझ्या मते त्यांचं हे म्हणणं बरोबर आहे, आणि बहुतेक मनोविकारतज्ज्ञ इतकं सोपं कारण पूर्वीच सोडून बसले होते. आम्ही ते रुग्णांना वेळेवर सांगितलं नाही, ही तक्रार रास्त आहे. पण कारण चुकीचं निघालं म्हणून औषधाचा परिणाम नाहीसा होत नाही. २०१८ साली लॅन्सेटमध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या एकत्र केल्या, त्यांत एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण होते. तपासलेली २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. परिणाम सरासरीनं मध्यम होता, चमत्कार नव्हे. काहींना फार उपयोग होतो, काहींना होत नाही. तुमच्या आईला झाला का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर घरातल्यांनाच माहीत असतं. ती पुन्हा देवपूजा करते का, फोन उचलते का, जेवते का.

बंद करायचीच असेल तर तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, काही आठवडे ते काही महिने घेत, डोस हळूहळू उतरवत. एकदम थांबवली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, चिडचिड, रडू येणं असं होतं आणि ते आजार परतल्यासारखंच दिसतं. चालू ठेवायची असेल तर तीन गोष्टी विचारा. एक, रक्तातलं सोडियम कधी तपासलंय का. उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, या गोळ्यांनी सोडियम उतरतं, आणि त्यासोबत बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. आई अचानक गोंधळली, तोल जायला लागला तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. दुसरं, ती अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेते का. प्लेटलेट्सना चिकटायला सेरोटोनिनची मदत लागते आणि या गोळीनं तो साठा रिकामा झालेला असतो, त्यामुळे जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी, डांबरासारखी शौच दिसली तर लगेच दवाखाना. तिसरं, पासष्टीनंतर एस्सिटालोप्राम साधारण दहा मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, हृदयाच्या ठोक्यांच्या कारणानं. तिचा डोस त्याहून जास्त असेल तर ईसीजी झालाय का ते बघा.

तुमच्यासाठी मी काय करीन ते लिहितो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, रक्तदाब. या तपासण्या सेरोटोनिनच्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडतात आणि त्यांच्या उत्तरावर काहीतरी करता येतं. तुम्ही घोरता का हे घरच्यांना विचारा. वाढलेलं वजन, तीनला जाग आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडतोय का हे तपासलं पाहिजे. पाळी अनियमित झाली आहे का, जाग येते तेव्हा अंग तापून घाम येतो का, तेही सांगा, कारण ४३ हे पाळी जाण्याआधीच्या बदलांचं वय आहे. आणि पोट रोज फुगतंय, ते नव्यानं सुरू झालंय आणि महिनोन्‌महिने आहे, तर 'गॅस' समजून बसू नका. एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्या. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण बीजाशयाचा आजार सुरुवातीला अगदी असाच, पोट फुगण्यानं दिसतो. सगळं ठीक निघालं तर मग आतड्याच्या संवेदनशीलतेचा विचार, आणि त्यात आतड्याच्या सेरोटोनिनवर काम करणारी औषधंही येतात, पण ती पोटविकारतज्ज्ञांनी ठरवायची.

पाठीसाठी ट्रामाडॉल किती घेता ते डॉक्टरांना मोजून सांगा. फिजिओथेरपिस्टकडे जा, ती गोळी कायमची नाही. आणि मनाचं म्हणाल, तर दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन लागत नाही, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटतात, स्वतःला दोष देत राहता, असं असेल तर ते केवळ ताणाच्या पलीकडे गेलेलं आहे, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशनानं भागतं की गोळी लागते हे तिथे बोलून ठरेल, रक्ताच्या रिपोर्टवर नाही. मरणाचे विचार येत असतील तर भेटीची वाट बघू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक आहे, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.